टेललाइट स्मोक करताना: फिल्म, स्प्रे की रंगीत क्लिअर कोट?

टेललाइट स्मोक करणं म्हणजे त्यावर काळसर पारदर्शक थर चढवणं. टेललाइटची माझी पहिली जोडी मी स्प्रेने काळी केली. काम रात्री, ट्यूबलाइटखाली. दोन हात मारून झाले तरी काच जेमतेम मळकट दिसत होती, म्हणून तिसरा मारला. मग हात शिवशिवत होते म्हणून चौथा. सकाळी उन्हात गाडी काढली तर दिवे कोळशासारखे. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू. दुपारी एक मित्र माझ्या मागून त्याच्या गाडीतून आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "तुझे ब्रेक लाइट गेलेत वाटतं." गेले नव्हते, लागत होते. त्याला उन्हात दिसले नाहीत, एवढंच. पुढचे दोन दिवस मी वॉटर पेपर घेऊन तेच चार हात घासून काढत बसलो होतो.

त्यामुळे "फिल्म लावू की स्प्रे मारू?" असं कुणी विचारलं की मी तो प्रश्न जरा मागे ढकलतो. आधी दोन गोष्टी ठरवा: किती उजेड सोडायची तयारी आहे, आणि काम फसलं तर मूळ काच परत मिळेल का. ही दोन उत्तरं पक्की झाली की पद्धत जवळपास आपोआप ठरते.

उजेडाचं गणित

टेललाइटवरचा काळसर थर उजेड खातो. तो नुसता बाहेरून आतलं झाकत नाही, आतून बाहेर येणारंही तितकंच अडवतो. थरातून किती टक्के उजेड पार जातो यावर सगळं अवलंबून असतं आणि हे टक्के बेरजेने नाही, गुणाकाराने चालतात. एका हातातून ७० टक्के उजेड पार जात असेल तर दोन हातांतून ४९ टक्के जाईल, तीन हातांतून ३४. चौथ्या हाताला तो २४ टक्क्यांवर येतो. माझ्या त्या रात्रीचा हिशेब साधारण असाच झाला असणार.

आता मूळ दिव्याकडे किती शिल्लक असते ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार साध्या ब्रेक लाइटची तीव्रता मध्यभागी किमान ६० कँडेला लागते आणि रात्री सतत जळणाऱ्या टेललाइटची किमान ४ कँडेला. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या मानकात एका कप्प्याच्या ब्रेक लाइटसाठी हाच आकडा ८० कँडेला आहे. समजा तुमचा ब्रेक लाइट ८० कँडेला देतो आणि तुमच्या इथे ६० ची अट आहे. तर ७५ टक्के पारदर्शक थर लावल्यावर तुम्ही बरोब्बर काठावर आलात. ५० टक्क्यांचा लावला तर ४० कँडेला उरले, म्हणजे सपशेल नापास. काही दिव्यांत यापेक्षा बराच जास्त उजेड हाताशी असतो, पण जुना बल्ब, बल्बमागचा काळवंडलेला चकचकीत बाउल आणि ओरखडे पडलेली काच यांनी तो आधीच खाल्लेला असतो.

इथे डोळा आपल्याला फसवतो. उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला तो निम्मा वाटत नाही, "थोडासा कमी" वाटतो. म्हणून गॅरेजमध्ये, दोन मीटरवरून, अंधारात पाहिलं की प्रत्येक स्मोक केलेला दिवा व्यवस्थित वाटतो. खरी कसोटी भर उन्हात, शंभर मीटरवरून, घाईत असलेल्या माणसाच्या नजरेत असते. तीव्रता निम्मी झाली की तोच दिवा तितकाच ठळक दिसायला मागच्या माणसाला साधारण ३० टक्के अधिक जवळ यावं लागतं. जे शंभर मीटरवरून कळत होतं ते सत्तर मीटरवर कळतं. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, तेव्हा ते तीस मीटर म्हणजे एक पूर्ण सेकंद.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: "टेललाइट आणि ब्रेक लाइट दोन्ही सारखेच मंद होतात, फरक तर तोच राहतो ना?" राहतो. दोन्हींमध्ये पाचपटीचा फरक असेल तर काळ्या थरामागेही पाचपटच असेल. पण मागच्या माणसाजवळ तुलना करायला दोन्ही एका वेळी नसतात. दिवसा टेललाइट लागलेलाच नसतो, त्याला फक्त ब्रेक लाइट उन्हाशी झगडताना दिसतो. आणि रात्रीच्या ४ कँडेलातून निम्मे गेले की उरतात २.

रिफ्लेक्टर: इथेच बहुतेकांची चूक होते

टेललाइटच्या काचेत कुठेतरी बारीक षट्कोनी किंवा पिरॅमिडसारखी नक्षी असलेला लाल तुकडा दिसतो. तो शोभेचा नाही. गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली, बॅटरी उतरली, एकही दिवा लागत नाही, अशा वेळी मागून येणाऱ्याच्या हेडलाइटचा प्रकाश त्याच्याकडे परत फेकणं हे त्या तुकड्याचं काम. त्याला वीज लागत नाही.

त्याच्यावर काळा थर चढवला की प्रकाश त्यातून दोनदा जातो, आत शिरताना एकदा आणि परतताना पुन्हा. म्हणजे ७० टक्क्यांचा सौम्य थर रिफ्लेक्टरसाठी ४९ टक्क्यांचा होतो. ५० टक्क्यांचा थर २५ वर येतो. आणि ३० टक्क्यांचा गडद थर लावलात तर परत येतो फक्त ९ टक्के प्रकाश. ब्रेक लाइटमध्ये जास्त ताकदीचा दिवा बसवून काहीतरी भरून काढता येतं, रिफ्लेक्टरमध्ये काहीच भरून काढता येत नाही.

तुमच्या गाडीचा रिफ्लेक्टर कुठे आहे ते शोधायला रात्री गाडीपासून दहा पावलं मागे जा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि मागचा भाग उजळा. जो तुकडा एकदम लालभडक पेटून उठेल तो रिफ्लेक्टर. काही गाड्यांमध्ये तो खाली बंपरमध्ये वेगळा असतो. तसं असेल तर तुम्ही नशीबवान, टेललाइटवर काम करायला मोकळीक मिळाली. काचेतच असेल तर तेवढा भाग मोकळा सोडायचा. फिल्म असेल तर तिथे खिडकी कापायची, रंग असेल तर टेप लावून झाकायचं. नीट, काचेच्या मूळ रेषेवरून कापलेली खिडकी दिसायलाही बरी दिसते.

इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइटबाबत माझं मत तेच आहे, मोकळे सोडा. रिव्हर्स लाइट काळा केला की कॅमेऱ्यात रात्री काही दिसत नाही, हा अनुभव एकदा घेतला की पुरे. आणि मागच्या काचेवरच्या तिसऱ्या ब्रेक लाइटला हात लावायचा नाही. खालचे दोन मंद केल्यावर तोच एक पूर्ण ताकदीचा उरतो.

आधी दिव्याची ओळख करून घ्या

दिवा काढून उलटा करा, कडेला बारीक कोरीव अक्षरं असतात. पीएमएमए म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. मागच्या दिव्यांची काच बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. अ‍ॅक्रिलिक उन्हाला चांगलं टिकतं, पण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि तीव्र सॉल्व्हंट लागलं की त्यात केसासारख्या चिरा उमटतात. पॉलिकार्बोनेट उष्णता जास्त सोसतं, पण उन्हापासून वाचायला त्याच्यावर संरक्षक थर हवा. तो घासून काढलात तर परत द्यावा लागतो, नाहीतर काच पिवळी पडते. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल आणि पेंट रिमूव्हर दोन्हींच्या जवळही नेऊ नका.

त्याच काचेवर मान्यतेची खूणही असते, वर्तुळात इंग्रजी ई किंवा डॉट-एसएई अशी अक्षरं. ती मान्यता कारखान्यातून निघालेल्या दिव्याला असते, वरून फिल्म लावलेल्या दिव्याला नाही. कित्येक देशांत एवढ्यावरच गाडी तपासणीत अडकते, काही ठिकाणी दंड होतो, आणि मागून कुणी धडकलं तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. आपल्या इथला नियम काय म्हणतो ते फिल्मचा रोल विकत घ्यायच्या आधी वाचा.

अजून एक गोष्ट अलीकडे बघावी लागते. काही गाड्यांत, फोर्डच्या एफ-१५० सारख्या पिकअपमध्ये तर टेललाइटच्या आतच, बाजूने येणारी वाहनं टिपणारं रडार असतं. तिथे धातूचा अंश असलेली फिल्म किंवा रंग चालत नाही.

फिल्म: सुरुवात इथूनच करा

पहिल्यांदा करणाऱ्याला मी डोळे मिटून फिल्म सांगतो, कारण ती निघते. सहा महिन्यांनी कंटाळा आला, गाडी विकायची झाली, तपासणीची तारीख आली, तर हीट गनने (गरम हवा फेकणारं यंत्र) गरम करून सोलून टाकायची आणि खाली मूळ काच जशीच्या तशी. शिवाय गडदपणा कारखान्यात ठरलेला असतो, सगळीकडे सारखा. माझ्यासारख्याचे शिवशिवणारे हात तिथे काही बिघडवू शकत नाहीत.

मात्र खिडकीच्या काचेची फिल्म उरली आहे म्हणून ती दिव्यावर लावायला जाऊ नका. ती पॉलिएस्टरची असते, ताणली जात नाही. दिव्याच्या दुहेरी गोलाईवर तिला सुरकुत्या पडतात आणि त्या कितीही दाबल्या तरी उठतात. दिव्यांसाठी मिळते ती पीव्हीसी किंवा टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) यांची, जाड आणि ताणली जाणारी. टीपीयू महाग पण बसायला सोपी, आणि बारीक ओरखडे उन्हात भरून काढणारी. घेताना "लाइट स्मोक" घ्या. "डार्क" लिहिलेली पाकिटं फोटोत जितकी सुंदर दिसतात तितकीच रस्त्यावर त्रासाची.

कामाचा क्रम असा ठेवतो:

१. दिवा गाडीवरून काढा. बहुतेक गाड्यांत डिकीच्या आतून दोन-तीन नट आणि एक प्लग, एवढंच असतं. काढता आला तर फिल्मची कड काचेच्या मागे दुमडता येते आणि कटर गाडीच्या रंगाजवळ न्यावा लागत नाही. गाडीवर ठेवून फिल्म लावणारे आणि नंतर पॅनेलवर ब्लेडची रेघ बघून हळहळणारे मी पुष्कळ पाहिलेत.

२. साबणाने धुवा, मग क्ले बारने (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) घासा. बोट फिरवल्यावर काच काचेसारखी गुळगुळीत लागली पाहिजे. शेवटी पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबर कापडावर घेऊन पटकन पुसा, अ‍ॅक्रिलिकवर ते साचू देऊ नका. कडेच्या खाचेत मेण किंवा पॉलिश राहतं आणि फिल्म नेमकी तिथूनच उचलते, त्यामुळे खाचेवर दुप्पट वेळ घाला.

३. फिल्म दिव्यापेक्षा सगळीकडून पाच-सहा सेंटिमीटर मोठी कापा. धरायला काहीतरी लागतं.

४. स्प्रे बाटलीत पाणी आणि बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही चिंब भिजवा. पाणी जास्त झालं तर काही बिघडत नाही, कमी झालं तर फिल्म जिथे टेकेल तिथेच बसेल.

५. दिव्याच्या सर्वांत सपाट भागापासून सुरुवात करा. मध्यभागी स्क्वीजीचा (पाणी निपटायची पट्टी) एक ठाम पट्टा ओढून फिल्म तिथे अडकवा, मग तिथून बाहेरच्या बाजूला पाणी काढत जा. स्क्वीजीच्या कडेला कापड किंवा फेल्ट असू द्या, नाहीतर फिल्मवर ओरखडे.

६. गोलाई आली की हीट गन. फिल्म काचेवरून थोडी उचला, गरम करा, ताणा, आणि ताणलेली असतानाच बसवा. एका जागी हीट गन थांबवायची नाही. ती सहज पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि खाली अ‍ॅक्रिलिक शंभरालाच मऊ पडतं, हे डोक्यात ठेवा. हाताला चटका बसेल इतकं गरम झालं की पुरे. सुरकुतीवर स्क्वीजी घासून काही होत नाही, उलट ती पक्की होते. फिल्म परत उचलून, गरम करून, दुसऱ्या दिशेने ताणावी लागते.

७. कोपऱ्यात फिल्म जमा होते तिथे काचेच्या कडेबाहेर छोटे छेद द्या, मग ती पाकळ्यांसारखी मागे दुमडली जाते. छेद काचेच्या दर्शनी भागात शिरू देऊ नका.

८. रिफ्लेक्टर आणि इंडिकेटरच्या खिडक्या आधी कागदावर छाप घेऊन, फिल्म टेबलावर असतानाच कापलेल्या बऱ्या. काचेवर बसवून कापायचंच झालं तर नवं ब्लेड, वजन न देता, एकाच ओढीत. काचेवर ओरखडा राहिला तर फिल्म काढल्यावर तो कायमचा दिसणार.

९. शेवटी सगळ्या कडा पुन्हा गरम करून दाबा. दोन दिवस धुऊ नका. बारीक पाण्याचे बुडबुडे आठवड्याभरात आपोआप वाळतात. धुळीचा कण असेल तर तो राहणारच, त्याच्याशी जुळवून घ्या.

एक बारकावा: फिल्म ताणली की पातळ होते आणि थोडी उजळ दिसते. डाव्या दिव्यावर जास्त आणि उजव्यावर कमी ताण दिलात तर दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. म्हणून दोन्ही दिवे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने, शेजारी ठेवून करा.

पीव्हीसी फिल्म काही वर्षांत कडक आणि मळकट होते. ती होईपर्यंत वाट बघू नका. उन्हाने भाजलेली फिल्म सलग निघत नाही, पापुद्रे पडतात आणि गोंद काचेवर राहतो.

सोलता येणारा रबरी कोट

डब्यातून फवारायचा आणि वाळल्यावर रबरासारखा सोलून काढायचा, असा हा प्रकार. प्लास्टी डिप हे त्यातलं माहितीतलं नाव. ऐकायला दोन्हीकडचं भलं वाटतं, पण दिव्यावर मला तो कधीच पटला नाही. चकाकी येत नाही, पृष्ठभाग धुकट राहतो, आणि धुकटपणा म्हणजे प्रकाश विखुरणं. पेट्रोलचे थेंब पडले की तो विरघळतो. काढायचा असेल तर थर पुरेसा जाड हवा, जाड केला की उजेड गेला. एखाद्या दिवसाच्या प्रदर्शनासाठी ठीक.

स्प्रेचा डबा

दिव्यांसाठी खास पारदर्शक काळा स्प्रे मिळतो, व्हीएचटीचा नाइट शेड्स हा त्यातला बराच वापरला जाणारा. स्वस्त, कुठल्याही आकारावर चालणारा, कड न दिसणारा. तोटा एकच पण मोठा: परत फिरायचं तर काच घासावीच लागते.

तरीही करायचंच असेल तर दिवा काढा, मागची सगळी भोकं आणि प्लग टेपने बंद करा, आणि ८०० ते १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी टाकत काच एकसारखी मळकट होईपर्यंत घासा. चमकणारा एकही ठिपका राहू नये, रंग नेमका तिथूनच सुटतो. धुवा, वाळवा, पुसा. पहिला हात इतका हलका की काच फक्त शिंपडल्यासारखी दिसावी. ओला पहिला हात अ‍ॅक्रिलिकला चिरा पाडू शकतो. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून काचेच्या बाहेर सुरू करा, बाहेरच संपवा. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. दमट दिवशी हे काम काढू नका, रंगावर पांढुरकी झाक येते.

आणि माझी चूक टाळा. प्रत्येक हातानंतर दिवा उचलून दिवसाच्या उजेडात न्या आणि आत बल्ब पेटवून बघा. शेजारी एक न रंगवलेला दिवा ठेवा. विझलेल्या दिव्याचा काळेपणा बघून निर्णय घ्यायचा नाही, पेटलेल्या दिव्याचा लालपणा बघून घ्यायचा. दोन हलक्या हातांवर थांबणं जमत नसेल तर दुसरा डबा घरात आणूच नका.

वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, लागतोच. नुसता स्मोक स्प्रे उन्हात आणि धुण्यात टिकत नाही.

रंगीत क्लिअर कोट: व्यावसायिकाचा मार्ग

चांगल्या पेंटरकडून करून घेतलेले, कारखान्यातूनच तसे आले असावेत असे वाटणारे दिवे बहुतेक या पद्धतीचे असतात. हार्डनर घालून घट्ट होणारा टू-के क्लिअर कोट घ्यायचा, त्यात अगदी थोडा काळा टोनर मिसळायचा आणि स्प्रे गनने मारायचा. वर एक-दोन हात साधा क्लिअर, पूर्ण घट्ट झाल्यावर १५०० आणि २००० च्या पेपरने घासून पॉलिश.

यातला कळीचा शब्द टोनर. काळा रंग दोन तऱ्हेचा असतो. एकात बारीक कण तरंगत असतात, त्याला पिगमेंट म्हणतात. दुसरा पूर्ण विरघळतो, तो डाय. कण प्रकाश अडवतात आणि विखुरतातही, त्यामुळे दिवा दुधाळ दिसतो आणि आतल्या एलईडीच्या रेषा फिसकटतात. डाय फक्त शोषतो, काच स्वच्छ राहते, पण साधा डाय उन्हात लवकर उडून तपकिरी होतो. चांगला पेंटर अतिशय बारीक दळलेला पारदर्शक टोनर वापरतो आणि आधी प्लास्टिकच्या निरुपयोगी तुकड्यावर मारून दाखवतो. नमुना तुकडा न दाखवणाऱ्याकडे दिवे सोपवू नका. काम घेताना गडदपणाही शब्दांत सांगू नका. "थोडं काळं" याचा अर्थ त्याच्या आणि तुमच्या डोळ्यांत वेगळा असतो. मान्य झालेला तुकडा त्याच्याजवळ ठेवा.

घरी करायचा विचार असेल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले की कायमची अ‍ॅलर्जी आणि दमा जडू शकतो, आणि एकदा जडल्यावर पुढे किंचितसा संपर्कही पुरतो. कागदी मास्क इथे निरुपयोगी आहे. पेंट बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात तो उगाच नाही. डब्याच्या बुडाशी कळ दाबून हार्डनर सोडायचे टू-के स्प्रे मिळतात, त्यांतही हेच रसायन असतं. डबा लहान म्हणून धोका लहान होत नाही. मी स्वतः हे काम घरी करत नाही.

हा थर वर्षानुवर्षं टिकतो, धुवा, घासा, काही होत नाही. म्हणूनच तो मूळ दिव्यांवर न करता जुन्या बाजारातून घेतलेल्या दुसऱ्या जोडीवर करावा आणि मूळ जोडी कापडात गुंडाळून ठेवावी. गाडी विकताना तिचं मोल कळतं.

तयार स्मोक दिवे, आणि ज्यात पडू नये असं काही

काही गाड्यांसाठी कंपनीचेच किंवा मान्यताप्राप्त बाहेरचे स्मोक दिवे मिळतात. त्यांत काच काळसर आहे हे धरूनच आतला प्रकाशस्रोत आणि रिफ्लेक्टर आखलेले असतात. पैसे असतील आणि दिवे रोजच्या गाडीवर लावायचे असतील तर सगळ्यांत निर्धास्त मार्ग हाच. फक्त काचेवरची मान्यतेची खूण स्वतः बघून घ्या, पाकिटावरच्या शब्दांवर जाऊ नका. स्वस्त नकलांमध्ये रिफ्लेक्टरची नक्षी फक्त दिसायला असते. टॉर्चची तीच चाचणी दुकानात करता येते. दुसरी तक्रार पाणी शिरण्याची, पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरते.

दिवा उघडून आतला चकचकीत भाग काळा करायचा, बाहेरची काच तशीच ठेवायची, ही कल्पना हेडलाइटवाल्यांकडून आली आहे. हेडलाइट पुष्कळदा गोंदाने बंद केलेले असतात, गरम केले की उघडतात. टेललाइटची काच मात्र बहुधा प्लास्टिक वितळवून जोडलेली असते. ती कापावी लागते आणि परत पूर्ण जलरोधक होणं कठीण. वरून चिकटवायची अ‍ॅक्रिलिकची काळी कव्हरं त्याहून वाईट, मागे धूळ आणि पाणी साठून काच घासली जाते.

मोठा बल्ब लावून भागेल का?

थोडंफार. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावणाऱ्यांनी लाल काचेमागे लालच एलईडी लावावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा-हिरवा भाग भरपूर असतो, लाल काच तो बहुतेक गिळते आणि बाहेर फिका उजेड येतो. एलईडीचा एक खरा फायदा म्हणजे तो क्षणात पेटतो, तापणाऱ्या तारेच्या बल्बला पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. पण बल्बच्या तारेच्या जागेवर बेतलेल्या बाउलमध्ये एलईडीचा प्रकाश भलतीकडे जाऊ शकतो, मध्यभागी झगझगीत आणि बाजूंनी अंधार. इंडिकेटरमध्ये लावला तर कमी विजेमुळे तो भराभरा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून जोडायचे रेझिस्टर चांगलेच तापतात, प्लास्टिकला चिकटवू नका. शिवाय अशा बदललेल्या बल्बला कित्येक ठिकाणी मान्यता नसते, म्हणजे एका अडचणीवर दुसरी.

काम झाल्यावर

गडदपणा मोजायला महागडं उपकरण लागत नाही. फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप अचूक आकडा देत नाही, पण आधी आणि नंतर यांचं गुणोत्तर पुरेसं बरोबर देतं. काम सुरू करण्याआधी, अंधाऱ्या खोलीत, ब्रेक लाइटपासून एक मीटरवर फोन ठेवून आकडा लिहून घ्या. फिल्म लावल्यावर त्याच जागी, त्याच कोनात पुन्हा. १०० चे ७५ झाले तर थर ७५ टक्क्यांचा. याच्या खाली मी माझ्या गाडीवर जाऊ देत नाही, रिफ्लेक्टर मोकळा असला तरी.

मग दुपारी बाराच्या उन्हात, सूर्य थेट दिव्यावर पडेल अशी गाडी उभी करा. कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि शंभर पावलं मागे जा. त्याला मनाला येईल तेव्हा दाबायला-सोडायला सांगा, तुम्ही प्रत्येक वेळी हात वर करा. दहापैकी एकदा जरी हात उशिरा वर गेला तर फिल्म काढा. संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, हेच पुन्हा करा, या वेळी टेललाइट चालू ठेवून, म्हणजे साधा लाल आणि ब्रेकचा लाल यांतला फरक लांबून कळतो का ते दिसेल. शेवटी काळोख पडल्यावर गाडीचे सगळे दिवे बंद करून टॉर्चने रिफ्लेक्टर बघा.

बल्ब बदलला किंवा काच पॉलिश केली की ही फेरी परत करायची. मी ती वर्षातून एकदा करतो, आणि ब्रेक दाबायला त्याच मित्राला बसवतो.